आरोग्यविचार : ‘पुत्रघ्नी’ म्हणावे कोणाला?

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूर या गावाहून एका प्रौढ गृहिणीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र सुनेविषयी आहे आणि ते सासूने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ही गोष्टच मुळी विशेष म्हणावयाची. सुनेला चार वर्षांत तीन वेळा दिवस गेले. दोनदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा सहाव्या महिन्यात गर्भ गेला. मुलगी अंगापिंडाने निरोगी, घरात खाण्यापिण्याची ददात नाही, जड कामाची सक्ती नाही. नवससायास झाले, त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबली झाला, काढे झाले. शेवटच्या खेपेस जी रक्ततपासणी झाली तीत ‘व्ही. डी. आर. एल.’ नावाची चाचणी दोषदर्शक आली आणि कोणा शहाण्याने त्या कागदाचा एकच अर्थ घरात सांगितला. तेव्हापासून पतिपत्नींत धड बोलणे नाही. बाई विचारतात, “सुनेचा दोष नशिबात आहे, रक्तात आहे, की चारित्र्यात आहे? खरे असेल ते मला कळवावे.”

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्राने न देता बाईंच्या अनुमतीने येथे देत आहोत.

प्रथम शब्दांचा विचार करू. आपल्या जुन्या वैद्यकाने चौथ्या महिन्यापर्यंतच्या नाशाला गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील नाशाला गर्भपात अशी दोन वेगळी नावे दिली, ही त्या काळच्या निरीक्षणाची सूक्ष्मता होय. कारण दोहोंची कारणे पुष्कळदा वेगळी असतात हे आजचे वैद्यकही मानते. परंतु त्याच ग्रंथांत, चरकाच्या योनिव्यापदांच्या गणनेत, जिचा गर्भ पुनःपुन्हा नष्ट होतो त्या विकाराला ‘पुत्रघ्नी’ हे नाव आहे. वैद्यांच्या लेखी ते केवळ रोगाचे नाव होते. तथापि बोलण्याच्या ओघात रोगाचे नाव रोगिणीला चिकटते आणि ज्या बाईने अपत्य गमावले तिलाच ते मारणारी ठरविले जाते. या लेखाचे सांगणे एवढेच, की तो आरोप खोटा आहे, आणि निदान काही स्त्रियांच्या बाबतीत तो खोटा कसा हे रक्ताच्या थेंबातून दाखविता येते.

गर्भ जाणे ही घटना समजली जाते तेवढी दुर्मिळ नाही. ज्या गर्भधारणा घरात कळून येतात त्यांपैकी शंभरात सुमारे पंधरा पहिल्या काही महिन्यांतच संपतात. त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा बीजातील गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. तो गर्भ वाढण्यासारखाच नसतो आणि निसर्ग ते काम थांबवितो. बाईने पपई खाल्ली, घागर उचलली किंवा रात्री उंबरठा ओलांडला म्हणून तो गेला, असे नव्हे. लागोपाठ तीन वेळा असे घडणे मात्र शंभर दांपत्यांत सुमारे एकाच्या वाट्यास येते, आणि तेथे कारण शोधणे हे घरच्यांचे कर्तव्य होय. हल्ली पुष्कळ तज्ज्ञ दोन वेळा गर्भ गेल्यावरच तपासणीस आरंभ करावा असे म्हणतात.

ही कारणे अनेक आहेत. गर्भाशयाची ठेवण जन्मतः वेगळी असू शकते. मधुमेह किंवा कंठस्थ ग्रंथीचा विकार आटोक्यात नसतो. कधी पतीच्या किंवा पत्नीच्या गुणसूत्रांचा एखादा तुकडा आपली जागा बदललेला असतो; अशा वेळी दोघेही दिसावयास पूर्ण निरोगी असतात, आणि हा बदल पतीकडे असण्याचा संभव पत्नीइतकाच खरा असतो, ही गोष्ट पुरुषमंडळींनी ध्यानात ठेवावी. कधी गर्भाशयाचे मुख दुबळे असते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर ते वेदनेवाचून उघडते. या शेवटच्या कारणावरचा उपाय तर मुंबईतच निघाला. मूळचे गोव्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयमुखाभोवती टाका घालून ते बंद राखण्याची शस्त्रक्रिया 1955 साली प्रसिद्ध केली. आरंभी त्या टाक्यासाठी ते रोगिणीच्याच मांडीतील स्नायूवरील आवरणाची पट्टी वापरीत. आज जगभर तो टाका त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एके काळी ज्या बायकांस ‘हिच्या कुशीत गर्भ टिकत नाही’ असे म्हणून वाळीत टाकले जाई, त्यांपैकी कित्येकींना केवळ एका टाक्याची उणीव होती.

आता रक्ताकडे वळू. आपल्या शरीरात परक्या जंतूंस ओळखून त्यांचा प्रतिकार करणारी काही द्रव्ये असतात. त्यांस डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात, आपण प्रतिपिंडे म्हणू. ती घराच्या राखणदारासारखी असतात. परंतु क्वचित राखणदाराची ओळख चुकते आणि तो घरच्याच माणसावर काठी उगारतो. शरीराच्याच घटकांविरुद्ध अशी प्रतिपिंडे निर्माण होणे यास स्वयंप्रतिकार म्हणतात. पेशींच्या आवरणात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध पदार्थ असतात. ते व त्यांना चिकटणारी काही प्रथिने यांच्याविरुद्ध ज्या प्रतिपिंडांचा रोख असतो, त्यांचा गर्भनाशाशी निश्चित संबंध सिद्ध झाला आहे. वारंवार गर्भ जाणाऱ्या स्त्रियांत ती शंभरांपैकी सुमारे पंधराजणींत सापडतात. ज्यांचे बाळंतपण सुखरूप होत आले आहे अशा स्त्रियांत शंभरांत दोघींतही सापडत नाहीत.

या शोधाचा इतिहासच वाटूरच्या बाईंच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे. 1906 साली जर्मनीत वासरमान यांनी उपदंश, म्हणजे आपल्याकडे जिला गर्मी म्हणतात तो रोग, ओळखण्याची रक्तपरीक्षा काढली. पुढे तीत बैलाच्या हृदयाचा अर्क वापरू लागले. त्या अर्कातील क्रियाशील पदार्थ अमेरिकेत मेरी पँगबॉर्न या विदुषीने 1941 साली वेगळा केला व त्यास कार्डिओलिपिन हे नाव पडले; तो एक फॉस्फोलिपिडच आहे. व्ही. डी. आर. एल. ही परीक्षाही त्याच कार्डिओलिपिनवर आधारलेली आहे. म्हणजे ती परीक्षा उपदंशाचा जंतू पाहत नाही. रक्तात कार्डिओलिपिनविरुद्ध काही आहे काय, एवढेच पाहते. ते उपदंशामुळे असू शकते, तसेच ज्या प्रतिपिंडांविषयी आपण बोलत आहोत त्यांच्यामुळेही असू शकते. उपदंशाचा मागमूसही नसता ही परीक्षा वर्षानुवर्षे दोषदर्शक येणाऱ्या कित्येक व्यक्तींस पुढे ल्यूपस नामक स्वयंप्रतिकाराचा विकार जडतो, असे अमेरिकन वैद्यांनी 1950 नंतरच्या वर्षांत दाखवून दिले. अखेर 1983 साली लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी रक्ताच्या गुठळ्या, वारंवार गर्भनाश आणि ही प्रतिपिंडे यांची सांगड घालून एक स्वतंत्र विकार वर्णिला. त्यास आज अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम किंवा ह्यूज सिंड्रोम म्हणतात.

तात्पर्य, केवळ त्या एका कागदावरून कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हा अन्याय होय आणि अज्ञानही होय. योग्य मार्ग असा, की उपदंशाच्या जंतूविरुद्धची टी. पी. एच. ए. यासारखी नेमकी परीक्षा पतिपत्नी दोघांनीही करून घ्यावी. ती निर्दोष आली तर पहिला निकाल फसवा होता असे समजून प्रतिपिंडांचा शोध घ्यावा. दोषदर्शक आली तरीही आकाश कोसळत नाही. त्या रोगावर पेनिसिलिन हे खात्रीचे औषध आहे, तो रोगही गर्भ नष्ट करतो, आणि तो पत्नीकडे पतीकडूनही येतो. दोन्ही पक्षी प्रश्न औषधाचा आहे, न्यायनिवाड्याचा नाही.

ही प्रतिपिंडे गर्भास अपाय कसा करतात? आरंभी अशी समजूत होती, की ती वारेतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या करतात व गर्भाचे पोषण तोडतात. ते काही अंशी खरे आहे. पुढील संशोधनाने असे दिसले, की वार ज्या पेशींपासून तयार होते त्या पेशींवरच ती जाऊन बसतात, त्यांना गर्भाशयाच्या अस्तरात नीट रुजू देत नाहीत आणि तेथे दाह उत्पन्न करतात. म्हणून काही गर्भ तिसऱ्या महिन्याच्या आतच जातात, तर काही चांगले वाढून पाचव्या-सहाव्या महिन्यात अकस्मात थांबतात. पत्रातील तिसरी घटना अशीच असावी काय, हे तपासणीवाचून सांगता येणार नाही. पण तपासणी करण्यास ते सबळ कारण आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे दहाव्या आठवड्यापूर्वी लागोपाठ तीन गर्भ जाणे, किंवा दहाव्या आठवड्यानंतर व्यंगरहित गर्भ एकदाही विनाकारण दगावणे, किंवा रक्तदाबाच्या तीव्र विकाराने अथवा वारेच्या दुर्बलतेने चौतिसाव्या आठवड्याआधी प्रसूती होणे, यांपैकी काही घडले असेल तर ही परीक्षा करावी.

परीक्षा तीन आहेत : ल्यूपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन. पहिलीचे नाव ऐकून पुष्कळांची दिशाभूल होते. काचेच्या नळीत ते द्रव्य रक्त गोठण्यास विलंब लावते, परंतु शरीरात मात्र गुठळ्यांस कारण होते. या परीक्षांविषयी चार गोष्टी लक्षात ठेवाव्या. एक, एकदाच दोषदर्शक निकाल येणे पुरेसे नाही. बारा आठवड्यांनी तीच परीक्षा पुन्हा करावी व ती पुन्हा दोषदर्शक आली तरच निदान पक्के समजावे, कारण एखाद्या संसर्गानंतर अशी प्रतिपिंडे काही दिवस येऊन नाहीशी होतात. दोन, हिपॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असता ल्यूपस अँटिकोॲग्युलंटची परीक्षा फसवी येते, म्हणून औषधांची हकिकत आधी सांगावी. तीन, त्याच परीक्षेसाठी घेतलेले रक्त लवकर फिरवून त्यातील पेशी वेगळ्या काढाव्या लागतात. गावी रक्त काढून ते दिवसभर पिशवीतून नेल्यास निकालावर भरवसा ठेवता येत नाही. चार, प्रयोगशाळांच्या यादीत याबरोबर आणखी दहावीस परीक्षा जोडलेल्या असतात. त्या सर्व करून घेतल्याने निदान अधिक चांगले होते असे नाही.

आपल्याकडील स्त्रियांच्या बाबतीत हे काम कोणी केले आहे काय, असा प्रश्न सुशिक्षित वाचक विचारतील. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी ‘बाँबे रक्तगट’ शोधून काढला. 1957 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने येथे रक्तगट संदर्भ केंद्र स्थापिले, आणि त्यातूनच ही संस्था वाढली. तेथील डॉ. श्रीमती शेट्टी, डॉ. कांजाक्ष घोष आदी संशोधकांनी मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सहकार्याने गर्भ गमावलेल्या भारतीय स्त्रियांच्या रक्तातील या प्रतिपिंडांची पद्धतशीर छाननी केली व ती 2008 साली प्रसिद्ध झाली. तेव्हा ही काही विलायतेतील बायकांचीच व्याधी आहे असे समजण्याचे कारण नाही.

निदान पक्के झाल्यास उपाय आहे, ही या विषयातील सर्वांत आशादायक गोष्ट. अल्प मात्रेतील ॲस्पिरिनची गोळी आणि हिपॅरिनचे कातडीखाली घ्यावयाचे इंजेक्शन, असा तो दुहेरी उपचार आहे. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात डॉ. राय, डॉ. रेगन प्रभृतींनी 1997 साली अशा नव्वद स्त्रियांचे दोन गट केले. केवळ ॲस्पिरिन घेतलेल्या पंचेचाळीसजणींपैकी एकोणीसजणींस, म्हणजे 42 टक्के स्त्रियांस, जिवंत अपत्य झाले. दोन्ही औषधे घेतलेल्या पंचेचाळीसजणींपैकी बत्तीसजणींस, म्हणजे 71 टक्के स्त्रियांस, ते झाले. हिपॅरिन वारेतून गर्भाकडे जात नाही, म्हणून त्याचा बालकास उपद्रव नसतो. परंतु हे उपचार दिवस राहिल्याचे कळताच सुरू व्हावे लागतात, रोज घ्यावे लागतात, आणि रक्तस्राव व अस्थी यांवर डॉक्टरांची नजर असावी लागते. शेजारणीस दिलेली चिठ्ठी पाहून स्वतःच्या मनाने ती घेणे सर्वथा वर्ज्य समजावे. ज्या स्त्रीस हा विकार आहे तिने पुढेही प्रत्येक डॉक्टरास तो सांगावा. कारण बाळंतपणानंतर व शस्त्रक्रियेनंतर गुठळी होण्याचे भय राहते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या तिने टाळावयाच्या असतात.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. आर्त मनुष्य जे मिळेल ते विकत घेतो, आणि अपत्यासाठी आर्त झालेले दांपत्य तर घर गहाण टाकून घेते. ज्यांच्या रक्तात ही प्रतिपिंडे नाहीत आणि ज्यांच्या गर्भनाशाचे कारणच सापडत नाही अशा 364 स्त्रियांवर हॉलंडात जे प्रयोग झाले त्यांचा निष्कर्ष 2010 साली आला. ॲस्पिरिन व हिपॅरिन दोन्ही, केवळ ॲस्पिरिन आणि औषध नसलेली नुसती गोळी, या तीन गटांत अपत्यप्राप्तीचे प्रमाण सुमारे 55, 51 व 57 टक्के असे पडले. म्हणजे औषधाने काडीचाही लाभ झाला नाही. कंठस्थ ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे असून ग्रंथीचे काम व्यवस्थित चालू असलेल्या स्त्रियांस थायरॉक्सिन दिल्याने लाभ होत नाही, हे 2019 साली इंग्लंडात दिसून आले. पतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशी पत्नीस टोचण्याचा उपचार 1999 साली अमेरिकेतील प्रयोगात निरुपयोगी ठरला आणि 2002 साली तेथील औषध प्रशासनाने प्रयोगाबाहेर तो देणे थांबविले. असा उपचार कोणी सुचविल्यास, ‘याने किती स्त्रियांस लाभ झाला, आणि न घेणाऱ्या किती स्त्रियांस तसाच झाला?’ एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारावा.

वाटूरसारख्या गावी हे सर्व कसे साधावे? गावातून जालन्यास जाणे सोपे आहे. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आरंभीची तपासणी, सोनोग्राफी आणि मधुमेह व थायरॉईडच्या परीक्षा होऊ शकतात. प्रतिपिंडांच्या परीक्षांसाठी मात्र छत्रपती संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरी प्रयोगशाळेतच रक्त द्यावे हे उत्तम. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्यास सर्व मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो, तेथे तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. शेवटचा गर्भ जाऊन काही आठवडे लोटल्यावर, आणि पुढचे दिवस राहण्यापूर्वी, या दोन फेऱ्या उरकून घ्याव्या. बारा आठवड्यांचे अंतर लक्षात घेता त्यास तीनचार महिने लागतात. पुढे दिवस राहिल्यावर सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. हिपॅरिनचे इंजेक्शन स्वतः घेण्यास स्त्रिया सहज शिकतात. वैशाखातील उन्हाळ्यात ते कोठे ठेवावे हे मात्र औषध देणाऱ्याकडून नीट समजून घ्यावे.

सर्व तपासण्या होऊनही सुमारे निम्म्या दांपत्यांस कारण सापडत नाही. हे ऐकून खचण्याचे कारण नाही. अशा स्त्रियांवर इंग्लंडात जे लक्ष ठेवले गेले त्यात असे आढळले, की कोणतेही विशेष औषध न देता, केवळ वेळोवेळी तपासणी व धीर मिळाल्यावर, चारांतील सुमारे तिघींस पुढच्या खेपेस अपत्य झाले. वय वाढत जाते तसे हे प्रमाण उतरते, एवढे ध्यानी ठेवावे. कारण न सापडणे म्हणजे दोष सापडणे नव्हे. देवावर श्रद्धा असेल त्यांनी पूजा अवश्य करावी. परंतु पूजेच्या खर्चात तपासणीचा खर्च बुडू देऊ नये, आणि पूजा करूनही गर्भ गेला तर त्याचा जाब सुनेस विचारू नये.

ज्या घरात असे घडले आहे तेथील वडील माणसांनी एक वही करावी. तीत प्रत्येक खेपेची तारीख, कितवा आठवडा, सोनोग्राफीत गर्भाचे ठोके दिसले होते की नाही, त्या वेळी कोणती औषधे चालू होती आणि रक्ताचे निकाल काय आले, हे क्रमाने लिहावे व सर्व कागद तिच्यासोबत जपून ठेवावे. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्यावी आणि सुनेबरोबर मुलासही पाठवावे.